पडद्याआधीचे कागद : ‘एलियन’ची संकल्पचित्रे

‘एलियन’ हा चित्रपट २५ मे १९७९ रोजी अमेरिकेत पडद्यावर आला. कागदावर तो त्याआधी दोनेक वर्षे आकार घेत होता, आणि तोही चार निरनिराळ्या हातांखाली. रॉन कॉब हा अमेरिकी राजकीय व्यंगचित्रकार, ख्रिस फॉस हा विज्ञानकादंबऱ्यांची मुखपृष्ठे करणारा ब्रिटिश चित्रकार, ज्याँ जिरो ऊर्फ मोबियस हा फ्रेंच चित्रकथाकार आणि एच. आर. गीगर हा दुःस्वप्ने रंगवणारा स्विस कलावंत. अंतराळयान कसे असते या साध्या प्रश्नावरसुद्धा या चौघांचे एकमत होणे कठीण होते. तसे ते झालेही नाही. चित्रपटाला त्याचा फायदाच झाला.

चित्रपटातले जग दिसते कसे, हे ते जग उभे करण्याआधी शोधून पाहणारे चित्र म्हणजे संकल्पचित्र. त्याची शेजाऱ्यांशी गल्लत नेहमी होते, म्हणून हद्दी आधी आखून घ्याव्या लागतात. स्टोरीबोर्ड एकामागून एक येणारे शॉट दाखवतो. नेपथ्याचा आराखडा सुताराला माप देतो. मॅट पेंटिंग हे रंगवलेले दृश्य थेट पडद्यावरच येते. पोस्टर सगळे संपल्यावर तिकिटे विकण्यासाठी निघते. संकल्पचित्र या सगळ्यांच्या आधीचे. त्यात माप नसते, कॅमेऱ्याचा कोन पक्का नसतो, कित्येकदा कथाही पुढे बदलणार असते. तरी सुतार, कॅमेरामन, वेशभूषाकार आणि पैसे देणारा या सगळ्यांना आपण कशाच्या मागे लागलो आहोत हे त्या एका कागदावरून कळते. काम झाले की तो कागद बिनकामाचा ठरतो. तो कशासाठी काढला हे विसरून त्याच्याकडे नुसते ‘सुंदर चित्र’ म्हणून पाहिले, तर त्यातले निम्मे हातचे जाते.

विज्ञानपटाला या कागदाची गरज इतरांपेक्षा जास्त असते. शनिवारवाड्याचा दरवाजा कसा होता याला पुरावा सापडतो. परग्रहावर पडलेल्या यानाच्या दरवाजाला सापडत नाही. तो कोणीतरी पहिल्यांदा काढावाच लागतो, आणि काढताना तो कोणाच्या हातांसाठी आहे, किती जुना आहे, उघडतो कसा, हेही ठरवावे लागते. ठरवणारा चित्रकार मग नकळत कथाकाराच्या कामात शिरतो.

या कलेचा आरंभ चित्रपटाइतकाच जुना मानता येतो. जॉर्ज मेलियेस १९०२ च्या चंद्रप्रवासाच्या चित्रपटासाठी स्वतःच रेखाटने करत असे. दिग्दर्शक, नट आणि नेपथ्यकार तोच असल्याने कागदावरचे आणि पडद्यावरचे यांत वादाला जागा नव्हती. वाद सुरू झाला तो काम वाटले गेल्यावर. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’साठी (१९२७) ऑटो हुंटे, एरिख केटलहुट आणि कार्ल फोलब्रेश्ट हे तिघे नेपथ्य पाहत होते. केटलहुटने शहराचा मध्यभाग रंगवला तेव्हा गगनचुंबी इमारतींच्या मधोमध एक जुने चर्च ठेवले होते. लांगने त्यावर काट मारली आणि चर्च काढून तिथे बाबेलचा मनोरा हवा, अशी सूचना कागदावरच लिहिली. त्या काटेत चित्रपटाचा सारा आशय आहे: शहराच्या मध्यभागी देव राहणार की मालक, हा निर्णय पेन्सिलीच्या दोन रेघांनी झाला. पुढे युजेन शुफ्टानच्या आरसायुक्तीने छोट्या प्रतिकृती आणि जिवंत माणसे एका चौकटीत बसवली गेली. हे तंत्र पुढे गाजले. तो कागदावरचा निर्णय मात्र फारसा कोणी पाहिला नाही.

काही वर्षांनी सोव्हिएत रशियात वेगळाच प्रयोग चालू होता. १९३६ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘अंतराळयात्रा’ या मूकपटाला कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्की सल्लागार होता. रॉकेटच्या गणिताचा हा पितामह चित्रपटासाठी स्वतः चित्रे काढत बसला. भारहीन अवस्थेत माणूस कसा तरंगेल, हवा कोंडून धरणारी दुहेरी दारे कशी असतील, हे त्याने वहीत रेखाटून दिले आणि युरी श्वेत्सने त्यावरून पडद्यासाठी रूप घडवले. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, १९३५ मध्ये, त्सिओल्कोव्स्की वारला. शास्त्रज्ञाने काढलेले संकल्पचित्र ही दुर्मीळ गोष्ट. या क्षेत्रात शास्त्राशी इमान राखणारी जी शाखा पुढे वाढली तिचे मूळ इथे दिसते.

अमेरिकेत ती शाखा चेस्ली बोनस्टेलने (१८८८–१९८६) रुजवली. शिक्षणाने वास्तुरचनाकार, पेशाने हॉलिवूडचा मॅट चित्रकार असलेल्या बोनस्टेलने १९४४ मध्ये ‘लाइफ’ मासिकात शनी त्याच्या निरनिराळ्या उपग्रहांवरून कसा दिसेल याची चित्रे छापली. वाचकांना ती छायाचित्रांसारखी वाटली. ‘डेस्टिनेशन मून’साठी (१९५०) त्याने चंद्राची भूमी रंगवली, पण स्टुडिओच्या नेपथ्यकाराने दृश्याला खोली यावी म्हणून जमिनीला वाळलेल्या चिखलासारख्या भेगा पाडल्या. बोनस्टेलला ते रुचले नाही. चिखलाला पाणी लागते, आणि चंद्रावर पाणी कुठले? भेगा राहिल्या. पडद्यावर खरे दिसणे आणि खरे असणे यांतली ही ओढाताण तेव्हापासून आजपर्यंत मिटलेली नाही.

स्टॅन्ली क्युब्रिकने ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’साठी (१९६८) याच शाखेची परमावधी गाठली. अलाबामातील हंट्सव्हिलच्या नासा केंद्रात भावी यानांची चित्रे काढलेला हॅरी लांगे आणि तिथेच काम केलेला फ्रेडरिक ऑर्डवे यांना त्याने सरळ चित्रपटाच्या कामावर घेतले. प्रत्येक बटण कशासाठी आहे याला उत्तर असले पाहिजे, असा तिथे दंडक होता. परिणाम थक्क करणारा आहे. थोडा थंडही आहे. त्या यानांत कोणी कधी चहा सांडला असेल असे वाटत नाही.

दुसरी शाखा करमणुकीच्या व्यवसायात वाढली. डिस्नेच्या स्टुडिओत तीसच्या दशकात अल्बर्ट हुर्टर, गुस्ताफ टेंगग्रेन यांच्यासारख्या चित्रकारांना केवळ वातावरण सुचवणारी चित्रे काढण्यासाठी पगार मिळत असे. त्यांतली एखादी रेघ जरी चित्रपटात उतरली तरी पगार वसूल. त्याच कंपनीच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’साठी (१९५४) हार्पर गॉफने नॉटिलस पाणबुडीला रूप दिले: लोखंडी, रिव्हेट ठोकलेले, मगरीसारखे. चित्रपटाला कलादिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले, पण कलादिग्दर्शकांच्या संघटनेचा सभासद नसल्याने गॉफचे नाव त्यात नव्हते. ज्याने पहिल्यांदा काढले त्याला श्रेय न मिळण्याची ही या क्षेत्रातली जुनी रड आहे आणि तिचे सूर पुढेही ऐकू येतात.

या व्यवसायाला चेहरा मिळाला तो राल्फ मॅक्वॉरीमुळे. बोइंगसाठी तांत्रिक चित्रे काढलेल्या आणि दूरचित्रवाणीवरच्या अपोलो मोहिमांच्या वार्तांकनासाठी सचेतन दृश्ये केलेल्या या अबोल माणसाला १९७५ मध्ये जॉर्ज लुकासने ‘स्टार वॉर्स’साठी बोलावले. लुकासची संहिता वाचून कोणाला काही उमगत नव्हते. मॅक्वॉरीने गॉशने रंगवलेले फलक ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स’च्या लोकांसमोर ठेवल्यावर ते चित्र पालटले. वाळवंटात उभे दोन यंत्रमानव, त्यांतला उंच यंत्रमानव उघडउघड ‘मेट्रोपोलिस’मधल्या यंत्र-मारियाच्या गोतावळ्यातला. दुसऱ्या एका फलकात खलनायक डार्थ व्हेडर तोंडावर श्वसनयंत्र लावून झुंजतो. त्या वेळच्या मसुद्यात व्हेडर एका यानातून दुसऱ्यात पोकळीतून झेप घेणार होता, म्हणून चित्रकाराने त्याला मुखवटा दिला. पुढे ती झेप कथेतून गेली, मुखवटा राहिला, आणि त्या श्वासाच्या आवाजावर पात्र उभे राहिले. संहितेने सोडून दिलेले कारण चित्राने जपून ठेवण्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

‘एलियन’ची गोष्ट मात्र ‘स्टार वॉर्स’पाशी सुरू होत नाही. ती पॅरिसमध्ये, कधीच न निघालेल्या एका चित्रपटापाशी सुरू होते. १९७५ च्या आसपास चिलीत जन्मलेला दिग्दर्शक अलेहान्द्रो होदोरोव्स्की फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ या कादंबरीवर चित्रपट करू पाहत होता. सम्राटाच्या भूमिकेसाठी साल्वादोर दाली, यानांसाठी फॉस, वेशभूषा आणि हजारो चौकटींच्या स्टोरीबोर्डसाठी मोबियस, खलनायकांच्या गडासाठी गीगर, दृश्य-परिणामांसाठी डॅन ओबॅनन हा तरुण अमेरिकी. चित्रांचा एक जाडजूड ग्रंथ बांधून तो हॉलिवूडच्या स्टुडिओंकडे पाठवला गेला. चित्रे सगळ्यांना आवडली. पैसे कोणी दिले नाहीत.

ओबॅनन कफल्लक होऊन लॉस एंजेलिसला परतला आणि मित्र रोनाल्ड शुसेटच्या घरी कोचावर झोपू लागला. तिथे दोघांनी मिळून लिहिलेली ‘स्टार बीस्ट’ ही संहिता पुढे ‘एलियन’ झाली. ‘स्टार वॉर्स’ने गल्ला भरल्यावर फॉक्सला अंतराळातला आणखी एक चित्रपट हवा होता आणि हाताशी हीच संहिता होती. ओबॅननने पॅरिसमधली माणसे एकेक करून गोळा केली. त्यांत भर म्हणून रॉन कॉब आला. दोघांची ओळख ‘डार्क स्टार’ (१९७४) या स्वस्तातल्या चित्रपटापासूनची होती. एका फसलेल्या चित्रपटाचा कलाविभाग असा दुसऱ्याच्या पदरात पडला.

आता या चौघांच्या कागदांकडे वळता येईल, कारण संकल्पचित्रकलेची चार घराणी एकाच चित्रपटात समोरासमोर येण्याचा प्रसंग दुसरा नाही. संगीतातले घराणे जसे केवळ आवाजावरून नव्हे, तर राग मांडायला कुठून सुरुवात होते यावरून ओळखू येते, तसेच इथेही आहे.

फॉस आरंभ करतो तो आकारापासून. एअरब्रशने रंगवलेली त्याची याने म्हणजे आकाशात तरंगणारे देवमासे: अजस्र, फुगीर, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी आणि चौकड्यांनी नटलेली. ती उडतात कशी हे विचारू नये. ती किती मोठी आहेत हेच त्यांचे म्हणणे. ‘एलियन’साठी त्याने यानामागून याने काढली. निर्मितीचे लोक ती पाहून खूश होत आणि आणखी मागत.

कॉब सुरुवात करतो बिजागरीपासून. दार कुठे आहे, इंधन कुठे, हवेचा दाब कोण राखते, दुरुस्तीला माणूस आत कसा शिरेल, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की बाहेरचा आकार आपोआप मिळतो, अशी त्याची रीत. कथेतले ‘नोस्ट्रोमो’ हे सात जणांनी चालवलेले, दोन कोटी टन खनिजासह शुद्धीकरण कारखाना ओढून नेणारे मालवाहू यान. कॉबने ते एखाद्या जुन्या गिरणीसारखे काढले: वाकायला लावणारे बुटके मार्ग, डोक्यावर नळ्या, खरचटलेला रंग. यानाच्या दारांसाठी त्याने चिन्हांची पूर्ण लिपी बनवली. दाब असलेली जागा, नसलेली जागा, गुरुत्वाकर्षण नसलेली जागा, आणि कॉफी. पडद्यावर ही चिन्हे क्षणभर दिसतात, कोणी समजावून सांगत नाही, आणि ते यान कोणत्या तरी कंपनीच्या नियमांनी चालते हे प्रेक्षकाला पटून जाते.

कॉबचे दुसरे योगदान कागदावर दिसत नाही. यानात शिरणाऱ्या परक्या प्राण्यापाशी बंदुका घेऊन गेलेली माणसे त्याला सरळ गोळी का घालत नाहीत, हे ओबॅननच्या संहितेतले भगदाड होते. प्राण्याचे रक्त आम्ल असू द्या, अशी सूचना कॉबने केली. जखम केली तर रक्त यानाचा पत्रा जाळत खाली जाईल. एका तांत्रिक डोक्याच्या चित्रकाराने दिलेल्या या उत्तरावर निम्मा चित्रपट उभा आहे.

मोबियसने ‘एलियन’साठी जेमतेम काही दिवस काम केले. त्याचे घराणे रेषेचे. एकसारख्या जाडीची स्वच्छ रेषा, भरपूर तपशील आणि मधे मोकळी हवा. त्याने अंतराळवेश काढले: सामुराई चिलखतासारखे जड, पट्ट्यापट्ट्यांचे, आत माणूस गुदमरतो आहे असे वाटायला लावणारे. वेशभूषाकार जॉन मोलोने ते प्रत्यक्षात आणले. थोडक्या दिवसांत एवढा ठसा उमटवून गेलेला कलावंत विरळाच.

गीगर (१९४०–२०१४) या तिघांच्या कुळातला नव्हता. झुरिकमध्ये वास्तुकला आणि औद्योगिक अभिकल्पाचे शिक्षण घेतलेल्या या माणसाच्या चित्रांत हाडे आणि नळ्या, कातडी आणि पत्रा, जन्म आणि मरण यांच्या मधली भिंतच नाहीशी झालेली असते. त्याने त्याला ‘जैवयांत्रिक’ असे नाव दिले. एअरब्रश मुक्त हाताने, पूर्वरेखाटनाशिवाय चालवण्याची त्याची पद्धत असल्याने चित्रे आखलेली नव्हे, वाढलेली वाटतात. १९७७ चा त्याचा ‘नेक्रोनोमिकॉन’ हा चित्रसंग्रह ओबॅननने दिग्दर्शक रिडली स्कॉटला दाखवला. त्यातल्या ‘नेक्रोनोम ४’ या चित्रातल्या, लांबुडक्या मागे वळलेल्या डोक्याच्या प्राण्यापाशी स्कॉट थांबला. शोध संपला होता. स्टुडिओच्या मनात गीगरविषयी धास्ती होती, पण दिग्दर्शक हटला नाही.

स्कॉट स्वतः लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचा विद्यार्थी, जाहिरातपटांत मुरलेला. त्याने संपूर्ण चित्रपटाचा स्टोरीबोर्ड स्वतःच्या हाताने काढला. ‘रिडलीग्राम’ या नावाने ओळखली जाणारी ती चित्रे पाहून फॉक्सने अंदाजपत्रक ४२ लाख डॉलरवरून ८४ लाखांवर नेले. चित्रे काढून पैसे दुप्पट करणे हे जादूगारांनाही जमत नाही. पण त्याहून मोठा निर्णय वेगळा होता. चार शैली हाताशी असताना सामान्य दिग्दर्शकाने त्यांचा मिलाफ घडवला असता; यान थोडे कॉबचे, थोडे फॉसचे, वर गीगरचा लेप. स्कॉटने उलटे केले. माणसांच्या यानातले सगळे कॉबला, परक्यांचे सगळे गीगरला, आणि दोघांनी एकमेकांच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही. त्यामुळे माणसे परक्या यानात शिरतात तेव्हा प्रेक्षकाला केवळ नवी जागा दिसत नाही, हस्ताक्षरच बदललेले जाणवते. हे वेगळ्या मनाने बनवले आहे, हे संवादांनी सांगावे लागत नाही. ‘एलियन’ची भीती या हस्ताक्षरबदलात आहे; दातांत आणि रक्तात ती नंतर येते. या प्रस्तावनेतला सर्वांत वादग्रस्त दावा हाच असेल, आणि तो पुस्तकातल्या चित्रांवर पारखून घ्यावा.

१९७८ मध्ये लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत गीगर स्वतः हाताने काम करत होता. चित्रकाराने कागद देऊन बाजूला व्हायचे, ही रीत त्याने मोडली. प्राण्याचे शरीर त्याने प्लॅस्टिसिनमध्ये घडवले आणि त्यात सापाच्या पाठीचे मणके आणि रोल्स-रॉइसच्या थंडाव्याच्या नळ्या बसवल्या. आरंभीच्या चित्रांत प्राण्याला डोळे होते. ते काढून टाकले, कारण ज्याची नजर कुठे आहे हे कळत नाही त्याची भीती अधिक. अंड्याचे तोंड स्त्रीच्या अवयवासारखे फारच उघड दिसते अशी हरकत आली, तेव्हा गीगरने एका चिरेऐवजी दोन चिरा फुलीसारख्या केल्या. छातीतून बाहेर पडणाऱ्या पिल्लाचे त्याचे पहिले रूप मात्र पिसे उपटलेल्या टर्कीसारखे झाले. त्या रूपाला रजा मिळाली आणि स्कॉटने फ्रान्सिस बेकनच्या १९४४ च्या तीन आकृत्यांच्या चित्राकडे बोट दाखवले: नुसते तोंड, मान आणि किंकाळी. गीगरचेही सगळेच साधत होते असे नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

परक्या यानातला आसनस्थ मृत महाकाय वैमानिक सुमारे २६ फूट उंच बांधला गेला. एका प्रसंगापुरते एवढे बांधकाम निर्मात्यांना परवडणारे वाटत नव्हते. ते उभे राहिले, तरी स्कॉटला हवे तेवढे मोठे दिसेना. म्हणून त्याने लहान मुलांना छोटे अंतराळवेश शिवून घातले आणि दूरच्या शॉटमध्ये उभे केले. त्या मुलांत त्याची स्वतःची मुले होती. गीगरच्या चित्रातली अवाढव्यता पडद्यावर आली ती अशी, घरगुती उपायाने.

१९८० च्या ऑस्कर समारंभात दृश्य-परिणामांचा पुरस्कार ‘एलियन’ला मिळाला आणि विजेत्यांत गीगरचे नाव होते. कॉब, फॉस आणि मोबियस यांची नावे कोणत्याही यादीत नव्हती. हार्पर गॉफची आठवण इथे होतेच.

यानंतरचा इतिहास वेगाने सांगता येतो. स्कॉटने ‘ब्लेड रनर’साठी (१९८२) मोटारींचा अभिकल्पक सिड मीड याला फक्त वाहने काढायला बोलावले. मीडने वाहनांमागे रस्ता, पाऊस, दुकाने, गर्दी काढली, आणि ते मागचे पाहून स्कॉटने त्याला शहरच देऊन टाकले. १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आले. त्याच्या दोन निर्मात्या भावांपैकी जॉन नोल ‘स्टार वॉर्स’च्या दृश्य-परिणामांसाठी उभ्या राहिलेल्या ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’मध्ये नोकरीला होता. रंग वाळण्याची वाट पाहणे संपले. छायाचित्रांचे तुकडे जोडून त्यावर रंगवण्याची पद्धत रूढ झाली, आणि एका चित्रपटासाठी निघणाऱ्या चित्रांची संख्या भराभर वाढली. संख्या वाढल्याने दर्जा वाढला असे म्हणण्याचे धाडस होत नाही; अलीकडच्या अनेक विज्ञानपटांतली याने एकाच कारखान्यातून आल्यासारखी दिसतात.

मराठी वाचकाला ही कला वाटते तितकी परकी नाही. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर संगीत नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीत पात्रे, वेश आणि हालचाली यांची रेखाटने करून मगच चित्रण करू लागले. भारतीय विज्ञानपटाच्या दिशेने पडलेले सर्वांत लक्षणीय पाऊलही कागदावरच थांबले. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ या नावाची संहिता लिहिली. बंगालमधल्या खेड्यातल्या तळ्यात उतरलेले यान आणि त्यातला सडपातळ, बालकासारखा पाहुणा यांची रेखाटने त्यांनी स्वतः केली होती. कोलंबिया कंपनीशी बोलणी झाली, पीटर सेलर्सचे नाव आले, आणि प्रकल्प बारगळला. नाव एकच, मधे जेमतेम बारा वर्षे, आणि दोन्ही पाहुण्यांच्या स्वभावात केवढे अंतर.

आज हा विषय मांडण्याचे निमित्त मात्र भूतकाळातले नाही. २०२२ पासून शब्द टंकले की चित्र तयार करणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. गीगरचे नाव लिहिले की हाडे आणि नळ्या निघतात, मीडचे लिहिले की ओला रस्ता. जानेवारी २०२३ मध्ये काही चित्रकारांनी अशा कंपन्यांविरुद्ध कॅलिफोर्नियात दावा लावला. जून २०२५ मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल या बड्या स्टुडिओंनीही असेच यंत्र चालवणाऱ्या मिडजर्नी या कंपनीला न्यायालयात खेचले. न्यायालये मालकीचा प्रश्न पाहतील. त्याच्या खाली दुसरा प्रश्न आहे: संकल्पचित्र म्हणजे शेवटी मिळणारी प्रतिमा, की ती मिळेपर्यंत घेतलेले निर्णय? यंत्र प्रतिमा देते. चर्चवर काट कोणी मारावी, प्राण्याचे डोळे का काढावेत, रक्त आम्ल का असावे, हे ते विचारत नाही, कारण त्याला पुढे चित्रपट काढायचा नसतो. या क्षेत्रात उमेदवारी करणाऱ्या तरुणांना हा फरक नीट सांगितला गेला पाहिजे. ‘ड्यून’ (२०२१) या चित्रपटाला दृश्य-परिणामांचे ऑस्कर मिळवून देणाऱ्या डीएनईजी या कंपनीचा मोठा स्टुडिओ मुंबईत आहे. अशा ठिकाणी मराठी मुले-मुली काम करतात. त्यांच्या टेबलावर येणारे काम बहुधा रूप ठरून गेल्यानंतरचे असते. रूप ठरवणाऱ्या टेबलापर्यंत पोहोचायचे तर ते ठरते कसे हे ठाऊक हवे, आणि त्याविषयी मराठीत वाचायला फारसे काही नाही.

प्रस्तुत पुस्तक ती उणीव थोडी भरून काढू पाहते. ते ‘एलियन’च्या निर्मितीची रोजनिशी नाही, आणि गीगरचे चरित्रही नाही; त्याच्या चित्रांविषयी भक्तिभावाने लिहिणारी पुस्तके इतर भाषांत पुष्कळ आहेत. इथे चित्रे लावली आहेत ती काढली गेली त्या क्रमाने, चांगली-वाईट असा निवाडा न करता, आणि शक्य तिथे एकाच वस्तूची दोन-तीन नाकारलेली रूपे स्वीकारलेल्या रूपाच्या शेजारी ठेवून. पारिभाषिक शब्द जिथे मराठीत रुळलेले आहेत तिथे ते घेतले आहेत. एअरब्रश, स्टोरीबोर्ड यांना ओढूनताणून पर्याय घडवलेले नाहीत. जपानी सचेतनपटांची समृद्ध परंपरा आणि संगणकीय खेळांतली संकल्पचित्रे या पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. दोन्ही विषय स्वतंत्र ग्रंथाच्या तोलाचे आहेत.

वाचकाने चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहावा, आणि तो एकट्याने व अंधारात पाहावा. पुस्तक नंतर कोणत्याही पानावर उघडले तरी चालेल. सर्वाधिक पाने ख्रिस फॉसला दिलेली आढळतील. त्याच्या यानांपैकी एकही ‘नोस्ट्रोमो’ म्हणून पडद्यावर आलेले नाही.